जासईहून काशिराम बोलतोय

काशिराम घरत या माणसाशी माझी ओळख झाली ती मी त्याला मूर्ख म्हटल्यामुळे.

पळस्पे फाट्याजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी इंटरनेटवरचा फोन बसवत होतो. सर्व्हर तिथे, टेबलाखाली. आणि बोलणारा माणूस जासईला, आपल्या घरी. पहिली चाचणी म्हणून मी त्याला फोन लावला. घंटी वाजली, तिकडून उचलला गेला, आणि पुढे काहीच नाही. मी पंधरा वेळा हॅलो म्हटलं. मग वैतागून शेजारी बसलेल्या माधुरीला म्हणालो, "या म्हाताऱ्याला फोन उचलता येत नाही, हा मूर्ख साठ ट्रेलर काय सांभाळणार? शेठनी कुठून शोधून आणलाय हा नग?" माधुरी ऑफिसचं सगळं बघते, आणि तिच्यादेखत मी जरा जास्तच बोलतो.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

"साहेब, फोन उचललाय मी. तुमचं सगलं आयकू येतंय मना. माजंच तुमाला येत नाय वाटतं."

माधुरीनं तोंडाला ओढणी लावली. "सॉरी काका, ते मी..." असं काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "म्हातारा तर हायच मी. बाकीचं नंतर बगू. आता काय करू ते सांगा."

माझं नाव निनाद. नवीन पनवेलला राहतो. लोकांना असे फोन लावून देणं हा माझा धंदा, आणि तो धंदा निवडला त्या दिवसाला मी आठवड्यातून दोनदा तरी शिव्या देतो. सगळी माणसं एका ऑफिसात बसणार असतील तर हे काम शाळेतलं पोरही करील. पण एक माणूस जासईला, एक बेलपाड्याला, सर्व्हर पनवेलला, आणि प्रत्येकाच्या घरात कुणीतरी भिंतीला ठोकून गेलेला राउटर, म्हटल्यावर उंटावरून शेळ्या हाकणं सुरू होतं. "काका, हिरवा दिवा लागलाय का? लुकलुकतोय का? नाही, तो नाही, त्याच्या शेजारचा." असं दोन-दोन तास.

घोडं कुठे पेंड खात होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. कॉल सुरू झाला की सर्व्हर समोरच्या फोनला सांगतो, तुझा आवाज या पत्त्यावर पाठव. आमचा सर्व्हर ऑफिसच्या आतला पत्ता सांगत होता. चाळीचं नाव न लिहिता नुसतं 'खोली नंबर दहा' लिहावं तसं ते. खोली नंबर दहा प्रत्येक चाळीत असते. जासईच्या फोननं ती आपल्याच घरात शोधली, आणि काकांच्या घरात त्या नंबरावर होता त्यांचा टीव्ही. म्हणजे दोन दिवस हे गृहस्थ तळमळून जे काही बोलत होते ते सगळं टीव्हीला सांगत होते. हे मी त्यांना समजावलं तेव्हा ते खूप हसले. मला हसू आलं नाही, कारण माझे दोन दिवस गेले होते.

तिसऱ्या दिवशी मी मोटरसायकल काढून जासईला गेलो. कंटेनरच्या यार्डांमधून गेलेल्या रस्त्याला लागून गाव, आणि गावात शिरल्यावर चौथं घर. ओटीवर ट्रेलरची ड्रायव्हर-सीट होती. खरीच, लोखंडी चौकटीवर नट-बोल्टनं बसवलेली. तिच्यावर काशिराम घरत बसले होते. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. जयपूर फूट भिंतीला टेकवून ठेवलं होतं, "चावतंय ते," म्हणाले, आणि दोन कुबड्या हाताशी.

सत्तावीस वर्षं त्यांनी ट्रेलर चालवला. ट्रान्सपोर्टचे मालक इंद्रजीतशेठ, त्यांच्या वडलांनी पहिला ट्रेलर घेतला तेव्हा तो यांनीच चालवत आणला होता. मग साखर वाढली, टाचेला जखम झाली, ती बरी होईना, आणि डॉक्टरांनी पाय काढला. शेठनी तेव्हा त्यांना ऑफिसात फोनवर बसवलं. ट्रेलर बंदराच्या बाजूला आला की ड्रायव्हर फोन करणार, आणि काका सांगणार कुठल्या यार्डात जायचं, कुठलं गेट, रांग किती, गाडी कुठे उभी केली तर पोलीस येणार नाही, आंघोळीला पाणी कुठे मिळेल. नकाशा त्यांना लागत नसे. "डाव्या हाताला खारफुटी दिसली म्हंजे तू चुकलास, तितनंच मागं फिर," असं ते सांगत. बिहारचा असो की बीडचा, ड्रायव्हरला पहिला प्रश्न एकच: जेवलास का? फोनवर इंजिनाचा आवाज ऐकून म्हणत, "तिसऱ्यात हाय गाडी तुजी, दुसऱ्यात टाक, चढ हाय." मी दोन तास तिथे बसलो तेवढ्यात, त्यांच्या साध्या मोबाईलवर आलेल्या फोनांत, हे तीनदा ऐकलं.

पण जासईहून पळस्प्याला रोज जायचं म्हणजे रिक्षा, बस, परत रिक्षा. कुबड्या घेऊन बसमध्ये चढताना ते दोनदा पडले. तेव्हा शेठनी घरून काम करण्याचा तोडगा काढला, पण अटीही घातल्या. साठही गाड्यांच्या मागे एकच नंबर रंगवलाय, तो बदलायचा नाही. एका वेळी चार ड्रायव्हर फोन करतात, त्यांना रांगेत धरायला हवं. आणि प्रत्येक बोलणं रेकॉर्ड व्हायला हवं. साध्या मोबाईलवर हे जमत नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शेठ स्वतः बसून पाहणार होते. जमलं तर काका घरून काम करणार. नाही तर शहरातल्या एका कंपनीला हे काम जाणार, तिथल्या मुली कॉम्प्युटरवर बघून उत्तरं देणार होत्या. त्या कंपनीचा माणूस शेठना रोज फोन करत होता.

"आता हितून कुटं जानार मी?" काका म्हणाले. "गाडी चालवता येत नाय. शेती नाय, ती यार्डाखाली गेली. बोलता येतंय तेवडंच राहिलंय."

हे त्यांनी कुरकुर म्हणून सांगितलं नाही, पण माझ्या डोक्याला ते लागून राहिलं. गिऱ्हाईकाचं काम नीट झालं नाही तर गिऱ्हाईक चिडतं, इतकंच मला माहीत होतं. इथे माझ्या एका चुकीच्या आकड्यानं माणूस घरी बसणार होता, आणि हे ओझं मी मागितलं नव्हतं.

ऑफिसचा बाहेरचा पत्ता सर्व्हरला सांगायचा, एवढंच करायचं होतं. पण ऑफिसचं इंटरनेट बंद होऊन चालू झालं की तो पत्ता बदलतो. कायमचा पत्ता घ्यायचा तर अर्ज, कागद आणि पंधरा दिवस. दुसरा उपाय म्हणजे नंबराऐवजी एक नाव द्यायचं. ते नाव बदललेल्या पत्त्याच्या मागे आपोआप जातं. काकांच्या फोनमध्ये मी ते नाव टाकलं. सर्व्हरमध्येही टाकायला गेलो तर तो जुना सर्व्हर ते घेईना. आधी त्याला अद्ययावत करायला हवं होतं, म्हणजे आणखी दीड तास. संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि त्या ऑफिसातल्या चहाचा मला वीट आला होता. मी तिथे आत्ताचा नंबर हातानं लिहून टाकला. नंतर करू म्हटलं.

फोन लागला. काकांचा आवाज आला. "आयकू येतंय का साहेब?" मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "बरं झालं. आता ते..." आणि फोन तुटला.

पुन्हा लावला, पुन्हा तुटला. बरोबर बत्तीस सेकंदांनी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दोन दिवस मी सर्व्हरमध्ये सगळं उलटंपालटं केलं. इकडे काकांनी काय केलं, तर बत्तीस सेकंदांत बोलायला शिकले! "जेवलास का, गेट तीन, रांग सतरा, उजवीकडनं घे, डिझेलकडं बग, ठेव." ड्रायव्हर म्हणायला लागले, काका आजकाल चिडलेत का? मला त्यांचा रागच आला. अशानं शेठला वाटेल चालतंय, आणि माझं काम कुणाच्या लक्षातच येणार नाही.

दोष निघाला काकांच्या राउटरमध्ये. या राउटरांमध्ये इंटरनेट फोनला मदत करण्यासाठी म्हणून एक सोय असते. ती येणारे-जाणारे निरोप उघडून वाचते आणि आपल्या मतानं पत्ते बदलते. कुणी मागितली होती ही मदत? तिच्यामुळे 'फोन उचलला' हा निरोप नीट पोचत नव्हता, आणि सर्व्हर अर्धा मिनिट वाट पाहून कॉल सोडून देत होता. ती सोय बंद करायला राउटरचा पासवर्ड हवा, आणि पासवर्ड दादूकडे. दादू म्हणजे गावातला केबलवाला.

"पासवर्ड नाय देता येत," दादू म्हणाला. "एकाला दिला की सगला गाव मागंल."

"मग तू ये आणि बंद कर."

"येतो उद्या."

असे चार उद्या झाले. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन आवाज चढवला. तो ढिम्म. शेवटी काकांनी त्याला एकच फोन केला, "दादू, तुज्या लग्नात वऱ्हाड कोनी नेलतं रं?" आणि अर्ध्या तासात दादू शिडी घेऊन हजर. शिडी कशाला आणली ते मी विचारलं नाही.

ती सोय बंद केली आणि लाईन अशी चालली की विचारू नका. चार दिवस एकही कॉल तुटला नाही. मी घरी बसून रेकॉर्डिंग ऐकायचो. काका पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागले होते. एका ड्रायव्हरशी तर बायको माहेरी गेल्याबद्दल अकरा मिनिटं. सर्व्हरमध्ये नाव टाकायचं राहिलंय हे मला माहीत होतं. रोज वाटायचं, आज जाऊ. पण चालत्या गाडीला कशाला हात लावा, असंही वाटायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माधुरीचा फोन आला. "सर, उद्या ऑफिसातल्या मशीनची पूजा आहे. तुमचा तो सर्व्हर आणि राउटर बंद करून पुसून घेतला तर चालेल ना? उद्या आणि दसऱ्याला गाड्याही उभ्याच असतात, ते दोन दिवस काहीच चालू करत नाही आम्ही. एकदम तेरवा सकाळी."

मी खारघरला एकाकडे भिंतीत वायर घालत होतो. म्हणालो, "चालेल गं, काय होतंय त्याला."

मी असं म्हणालो. तिनं विचारलं होतं, आणि मी असं म्हणालो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेलपाड्याला दुसऱ्या एका गिऱ्हाईकाकडे होतो. साडेदहा वाजता माधुरीचा फोन आला, आवाज दबलेला. "सर, काकांचा आवाज परत जात नाहीये. त्यांनी मोबाईलवरून मला सांगितलं, पण तेव्हा शेठ समोरच होते, मला तुम्हाला फोन करता आला नाही. आता काका फोनच उचलत नाहीत."

मला लख्ख कळलं. राउटर दोन दिवस बंद होता. चालू झाल्यावर बाहेरचा पत्ता बदलला. काकांच्या फोनमध्ये नाव होतं म्हणून घंटी वाजत होती, ड्रायव्हरचं बोलणंही ऐकू येत होतं. पण सर्व्हर त्यांना अजून जुनाच पत्ता सांगत होता, कारण तो मी हातानं लिहिला होता. ये रे माझ्या मागल्या. मी मोटरसायकल अशी हाणली की कळंबोलीच्या सिग्नलला एकानं मला आईवरून शिवी दिली.

ऑफिसात पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. राउटरला झेंडूचा हार, सर्व्हरवर हळदीकुंकवाची बोटं, वर आपट्याचं पान. नवा नंबर लिहायला मला तीन मिनिटं लागली. मग जासईला फोन लावला. काकांच्या मुलीनं, पूर्वीनं, उचलला.

"आवाज पोचतोय ना सर आता? पण बाबा नाहीयेत. ते कमानीकडे गेलेत."

"कमानीकडे? आत्ता?"

तिनं सांगितलं ते असं. पावणेदहाला रमेश नावाच्या नव्या ड्रायव्हरचा फोन आला. भरलेला कंटेनर घेऊन तो जासईजवळ पोचला होता. काका त्याला गेट सांगत होते आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो हॅलो हॅलो करत राहिला, मग गाडीतल्या दुसऱ्याला म्हणाला, "काका काय बोलंना. इथं डाव्या हाताला कमान दिसतीय, हितूनच आत घेऊ." ती कमान गावाची. तिच्यातून गेलं की शाळा, आणि शाळेच्या गल्लीत विजेच्या तारा हाताला येतील इतक्या खाली. मागच्या वर्षी एक ट्रेलर तिथे शिरला होता, तारा तोडून. काका ओरडले, "नको रं, नको!" ते कुणाला जाणार? त्यांनी मोबाईलवरून रमेशला लावला, तर तो एंगेज. रमेश पुन्हा पुन्हा ऑफिसचाच नंबर लावत होता. तेव्हा त्यांनी कुबड्या घेतल्या आणि ते निघाले. रस्त्याच्या मधोमध, कमानीच्या तोंडाशी उभे राहिले. ट्रेलर त्यांच्यापासून पाच-सहा हातांवर थांबला. मग ते मोठं धूड मागे घ्यायचं म्हणून सगळी वाहतूक अडवून धरायला ते तिथेच थांबले होते. अजून आले नव्हते.

मी तडक शेठच्या केबिनमध्ये गेलो. इंद्रजीतशेठ तसे वाईट गृहस्थ नाहीत. मला त्यांनी बसायला सांगितलं. मी बसलो नाही. चूक माझी होती, नंबर मी लिहिला, पूजेला मी हो म्हटलं, सगळं सांगून टाकलं.

"निनाद, तू मला आता सांगतोयस," शेठ म्हणाले. "मी दहाला बसलो. दोनदा फोन लावला. घंटी वाजतेय आणि माणूस जागेवर नाही. आज, ज्या दिवशी मी बघणार होतो, त्या दिवशी!"

"अहो, तुमचीच गाडी अडवायला गेले होते ते! कुबड्यांवर!"

माझा आवाज चढला होता. बाहेर माधुरीचं टायपिंग थांबलं. शेठनी टेबलावरचा फोन बाजूला सरकवला.

"चांगलं केलं त्यानं. मी नाही म्हणत नाही. पण तो एका गाडीसाठी उठला तेव्हा सात ड्रायव्हर फोन करून थकले. काशिराम उठणारच रे. उद्याही उठेल. मला जागेवर बसणारा माणूस पाहिजे." मग म्हणाले, "आणि त्या कंपनीला मी साडेदहालाच हो म्हटलंय. उद्या सकाळपासून लाईन तिकडे वळव. काशिरामला तूच सांग. मला जमणार नाही."

मी भांडलो. सगळं बोललो, वडलांच्या पहिल्या ट्रेलरपर्यंत. शेठ ऐकत राहिले आणि बदलले नाहीत. शेवटी हात टेकले आणि सर्व्हरपाशी जाऊन बसलो. लाईन दुसरीकडे वळवायची म्हणजे त्या कंपनीचा पत्ता घालायचा, तिथले राउटर, तिथला पासवर्ड. मला वाटलं, निदान हे तरी अडेल. चार मिनिटांत चाचणीसकट झालं, उद्या सकाळी लाईन आपोआप वळेल असं लावून. पहिल्याच फटक्यात. आवाज दोन्हीकडून स्वच्छ.

दुपारी काका परत आले आणि सीटवर बसून सहा वाजेपर्यंत फोन घेत राहिले. मी ऑफिसात बसून ऐकत होतो. "बोल बेटा, जेवलास का?" एकही कॉल तुटला नाही, कुणाचा आवाज अडकला नाही. मला ते ऐकवत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं. सहाला मी त्यांना फोन लावला.

"झ्याक चाललंय बगा साहेब," ते लगेच म्हणाले. "जमवलंत तुमी शेवटी."

मी सांगितलं. चूक माझी होती तेही सांगितलं. मागे कुठेतरी ट्रेलरचा हॉर्न वाजला.

"चुकी कोनाची ते राहू द्या," काका म्हणाले. "तो रमेश उद्या सकाली सहाला परत येतोय, भरलेला. त्या कंपनीच्या पोरींना ती कमान ठाव हाय का?"

"नसेल."

"मग त्याला कोन सांगंल?"

मी म्हटलं, मी बघतो. दुसऱ्या दिवशी साडेपाचला घरून निघालो, आणि सहाला पाच कमी असताना जासईच्या कमानीपाशी पोचलो. काका माझ्याआधीच येऊन उभे होते.